भेटायची वेळ चार ते सहा

बाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातून आत शिरायला जागा नव्हती. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग, जिन्यात दोन माणसं मोबाइलवर बोलत उभी, आणि खाली रस्त्यावर द्राक्षांचे रिकामे क्रेट रचलेली एक पिकअप. मला वाटलं, आपल्याला उशीर झाला, बाई गेल्या. माझ्या कामात असं होतं कधी कधी. फोनवर पत्ता मिळतो, वेळ ठरते, आणि आपण खणलेल्या रस्त्यांमधून वाट काढत पोचेपर्यंत अंगणात पांढरे कपडे दिसायला लागतात.

जिन्यातल्या एकाला विचारलं, "बाई आहेत ना?"

"आहेत की," तो म्हणाला. "मधी बसल्यात. आम्ही भेटायला आलोय. पण नंबर लागंना अजून."

मी आधी हॉस्पिटलात नर्स होते. आता बरीच वर्षं एका छोट्या संस्थेकडून घरोघरी जाते. 'आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या' असं डॉक्टरांनी सांगितलेले पेशंट आमच्याकडे येतात. करण्यासारखं तेव्हाही पुष्कळ असतं. दुखणं आटोक्यात ठेवायचं, अंगाखाली जखमा होऊ द्यायच्या नाहीत, घरच्यांना कूस बदलायला शिकवायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं. माणूस गेल्यावरही काही महिने त्या घरी जात राहायचं. लोकांना हे कळलं की ते डोळे मोठे करून म्हणतात, "बापरे, किती पुण्याचं काम. तुम्हाला त्रास नाही होत?" त्रास होतो. पण तो त्यांना वाटतो त्या गोष्टीचा नाही. मला त्रास होतो तो भेटायला येणाऱ्यांचा.

बाई म्हणजे प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. सगळी नोकरी दिंडोरी तालुक्यातल्या खेड्यांमध्ये झालेली. नवरा नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये होता, त्यामुळे घर इथं कॉलनीत आणि बाई रोज एसटीनं जाऊन-येऊन. नवरा काही वर्षांपूर्वी गेला. आता घरात त्या, मुलगा आणि सून. नात पुण्याला शिकायला. मुलगी ठाण्याला, बँकेत नोकरी. जठराचा कॅन्सर निघाला तेव्हाच तो पसरलेला होता. ऑपरेशनचा उपयोग नाही असं सांगून हॉस्पिटलनं बाईंना घरी पाठवलं होतं.

मी आत गेले तर बाई पलंगावर भिंतीला टेकून ताठ बसलेल्या. नीट चोपून नेसलेली साडी, डोळ्यांवर चष्मा, हाताच्या काड्या झालेल्या. समोर सतरंजीवर दिंडोरीकडची सात-आठ माणसं. सगळे त्यांचे जुने विद्यार्थी, आता द्राक्षबागांचे मालक. एक जण डोळे पुसत म्हणत होता, "बाई, लय बारीक झाल्या हो तुम्ही."

"आणि तू लय जाड झालास," बाई म्हणाल्या. सगळे हसले.

मी ओळख करून दिली. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "जयभीम. बसा. चहा घेणार ना?" माझं उत्तर येण्याआधी त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "अगं, आणखी एक कप."

स्वयंपाकघरात सून उभी होती. चाळिशीतली, केस वर गुंडाळून चिमट्यात अडकवलेले. गॅसवर मोठं पातेलं, ओट्यावर उष्ट्या कपांची रांग, आणि जिथं जागा मिळेल तिथं द्राक्षं. फ्रिजमध्ये, परातीत, मिक्सरच्या शेजारी प्लास्टिकच्या टोपल्यांत. बाईंना दोन चमचे पेज जात नव्हती आणि त्यांच्या घरात एका लग्नाला पुरतील एवढी द्राक्षं होती. मी म्हटलं, "मला चहा नको." तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला एखादा दागिना दिला.

"मॅडम, सकाळपासून हेच चाललंय," ती हळूच म्हणाली. "आईंना औषध द्यायचं राहून जातं."

ती द्वारका चौकाजवळ एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात कामाला होती. बाईंचं निदान झाल्यावर तिनं बिनपगारी रजा घेतली. मुलगा सातपूरला कंपनीत. त्यानं रजा का घेतली नाही, हे त्या घरात कुणी विचारलं नव्हतं. मी मनातल्या मनात विचारलं आणि पहिल्याच दिवशी माझं डोकं तापलं.

पुढच्या काही आठवड्यांत मी तऱ्हेतऱ्हेची माणसं बघितली. पलंगाशेजारी बसून 'आमच्या मामीला पण हेच झालं होतं' अशी सुरुवात करून मामी कशा तडफडल्या ते सांगणारी. खोलीत शिरताशिरता हंबरडा फोडणारी, आणि मग बाईंनाच त्यांची पाठ थोपटायला लावणारी. घोटीहून एक लांबचे नातलग आले. तांदळाची पाच किलोची पिशवी खांद्यावरून उतरवून ठेवली आणि म्हणाले, "आमच्याकडं एक जण झाडपाला देतो. परवा एक पेशंट चार माणसांनी उचलून नेला होता, येताना चालत आला." मी तिथंच बाईंचा पाय चोळत होते. म्हटलं, "काका, हा आजार पोटात काही टिकू देत नाही त्यांना. पाला कसा टिकेल?" ते म्हणाले, "मॅडम, विश्वास पायजे." नंतर त्यांनी दोन कप चहा घेतला.

यात वाईट माणूस एकही नव्हता, हीच तर पंचाईत. सगळे प्रेमानं येत होते. त्यांना घालवून द्यायचं कसं? आणि बाई तर रंगात येऊन बोलायच्या. माणसं गेली की मात्र उशीवर पडून डोळे मिटायच्या. मग दुखणं असं उठायचं की मॉर्फिनच्या गोळीलाही ते ऐकायचं नाही. रात्रभर सून जागी.

मी मुलाशी बोलले. तो नेहमी गॅलरीत सापडायचा, कठड्याला टेकून मोबाइल बघत. मी म्हटलं, "येणाऱ्यांना थोडा आळा घाला. आईंना झेपत नाही."

"मॅडम, मी कुणाला नाही कसं म्हणू? लोक काय म्हणतील, आईला भेटू पण देत नाही?"

"लोक काय म्हणतील याचं मी बघते. तुम्ही फक्त पाटी लावू द्या."

मी पुठ्ठ्यावर मार्करनं पाटी लिहिली. 'रुग्णास विश्रांतीची गरज आहे. भेटायची वेळ दुपारी चार ते सहा. पाच मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. रुग्णासमोर रडु नये.' दाराला चिकटपट्टीनं लावली. समाधानानं स्कूटी सुरू केली. दुसऱ्या दिवशी आले तर पाटी दारावर नव्हती. ती बाईंच्या मांडीवर होती आणि बाईंच्या हातात लाल पेन.

"ही तुम्ही लिहिलीत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"'रडू'ला दीर्घ ऊकार. शेवटचं अक्षर आहे. आणि 'रुग्णास' काय? मी काय सरकारी फाईल आहे? 'बाईंना' लिहा." त्यांनी पाटी माझ्याकडे दिली. "बाकी ठीक आहे. लावा परत."

मला वाटलं, आपण जिंकलो. तसं काही झालं नव्हतं. बाईंनी वेळेची अट मनापासून मान्य केली होती, आणि सगळ्या तालुक्यात फोन करून ती कळवलीही होती. त्यामुळे आधी दिवसभर विखरून येणारी माणसं आता नेमकी चार वाजता एकदम यायला लागली. कॉलनीतल्या गल्लीत गाड्या लावायला जागा उरेना. समोरच्या बिल्डिंगमधले एक रिटायर्ड गृहस्थ दारात येऊन सुनेला बोलून गेले. आणि सून चार ते सहा गॅससमोरून हलेना. पाटीचा उपयोग एवढाच झाला की सकाळी औषध वेळेवर जाऊ लागलं. तेही काही कमी नव्हतं, पण तेव्हा मला ती पाटी फाडून टाकावीशी वाटत होती.

मुलगी रविवारी यायची. सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. आली की पर्स ठेवायची आणि घर तपासायला लागायची. चादर का बदलली नाही, खिडकी का बंद, हे औषध कशाला, ते का नाही. तिचं तोंड सतत चालू. मी अशा मुली आणि मुलगे खूप बघितलेत. आठवडाभर लांब राहून मनात जो अपराधीपणा साठतो, तो ते आल्याआल्या जवळच्या माणसावर ओततात. मला हे कळतं. कळून माझा राग कमी होतो असं मात्र नाही.

एका रविवारी मी बाईंचं पोटातलं पाणी बघायला मुद्दाम गेले होते. मुलगी पलंगाशेजारी बसून आईचा हात हातात घेऊन बघत होती. एकदम म्हणाली, "वहिनी, आईला खायला देतेस की नाही? हाडं लागतायत हाताला."

सून दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मुलगा गॅलरीत. त्यालाही ऐकू गेलं असणार. आणि बाई, ज्यांना एका ऊकाराची चूक सोसवत नव्हती, त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

शेवटी मीच म्हटलं, "ताई, या आजारात अन्न जात नाही. भूक मरते. कुणी कितीही भरवलं तरी अंग भरत नाही. वहिनी दर तासाला चमचा चमचा देतात, तेवढंच पोटात राहतं."

"तसं नाही, मी सहज म्हटलं," मुलगी म्हणाली. मग ती बाथरूममध्ये गेली आणि नळ मोठा सोडून बराच वेळ आत राहिली.

सून तांब्या ठेवून निघून गेली. मी दार लोटलं आणि बाईंना विचारलं, "तुम्ही का नाही बोललात? तुम्हाला माहीत आहे ती किती करते ते."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पोरीला बोलले असते तर ती पुढच्या रविवारी आली नसती. मानी आहे. मला ती यायला हवीय."

"आणि सून?"

"ही कुठं जाणारे?" बाई म्हणाल्या.

मी इतकी चिडले की पोटाचा घेर मोजताना टेप जरा जोरातच ओढली गेली. या दोघींचं वीस वर्षं फारसं जमलेलं नव्हतं, हे मला सुनेकडून कळलं होतं. भाजीत मीठ किती इथपासून नातीचं शिक्षण कुठल्या माध्यमात इथपर्यंत वाद. त्यात सून नोकरीला लागली तेव्हा बाई स्वतः आयुष्यभर नोकरी करूनही महिनाभर अबोला धरून होत्या. आणि आता तीच सून त्यांचं सगळं करत होती, आणि बाई तिला घरातल्या भिंतीसारखं धरून चालल्या होत्या. मरणाऱ्या माणसाशी भांडू नये असं आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, पण ते गृहीत असतं. मी बॅग आवरली. घरी जाताना बिटको चौकात सिग्नलला उभी असताना मी मोठ्यानं म्हणाले, "ही कुठं जाणारे!" शेजारच्या रिक्षावाल्यानं माझ्याकडे वळून बघितलं.

मुलाचं दुसरंच. त्याला मी एकदा अक्षरशः दंडाला धरून खोलीत आणलं. तो म्हणाला, "काय बोलू मॅडम? मला सुचत नाही."

"बोलू नका. नुसते बसा."

तो बसला. आई त्याच्याकडे बघतेय, तो फरशीकडे. मग घसा साफ करून त्यानं विचारलं, "आई, आपल्याकडं नळाला पाणी किती वाजता येतं?" जन्मापासून त्याच घरात राहणारा माणूस. बाईंना हसू आलं आणि हसल्यामुळे पोटात कळ आली. मी त्याला बाहेर पाठवलं. पण दुसऱ्या दिवशी तो आपणहून आत येऊन बसल्याचं सुनेनं मला फोनवर सांगितलं. बोलला काही नाही म्हणाली, पण बसला.

द्राक्षांचा हंगाम संपत आला तशा बाई उतरणीला लागल्या. उठून बसणं थांबलं. भेटायला येणारे दारातूनच बघून जाऊ लागले. बराच वेळ त्या गुंगीत असायच्या, मधूनच जागं होऊन हजेरी घेतल्यासारखी माणसांची नावं घ्यायच्या. मी घरच्यांना समजावून सांगितलं होतं की आता श्वास बदलेल, हातपाय गार पडतील, घशात घरघर वाजेल, आणि तेव्हा घाबरून धावपळ करायची नाही. बाईंनी शुद्धीत असताना मला आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं होतं, "मला इथंच राहायचं. नळ्या नकोत." मुलानं मान हलवली होती. मुलीला फोनवर सांगितलं होतं. तिनंही हो म्हटलं होतं.

आणि मग मुलगी सामान घेऊन राहायला आली, आईचा तो श्वास तिनं स्वतः ऐकला, आणि सगळं पालटलं. सुनेनं मला बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा दुपार होती. मुलगी कुठल्यातरी हॉस्पिटलच्या ओळखीच्या माणसाशी फोनवर आयसीयूचं बोलत होती. फोन ठेवून मला म्हणाली, "मॅडम, असं हातावर हात ठेवून बघत बसायचं का आम्ही?"

"बाईंनी काय सांगितलंय ते तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं.

"तेव्हा ती शुद्धीत होती. आता तिला त्रास होतोय. दादा, तू बोल ना."

दादा भिंतीला टेकून उभा. म्हणाला, "अँब्युलन्स बोलवायची तर बोलवू."

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. इतके दिवस घसा कोरडा करून समजावलेलं सगळं एका वाक्यात वाहून गेलं. मी परत पहिल्यापासून सांगायला तोंड उघडलं, एवढ्यात सून म्हणाली, "आई कुठेही जाणार नाहीत."

आवाज चढवलेला नव्हता. पण त्या घरात तिनं असं काही ठामपणे बोलणं कुणाच्या सवयीचं नव्हतं.

"तू कोण ठरवणार?" नणंद म्हणाली.

"मी रोज त्यांच्यापाशी असते. त्यांनी मला पण सांगितलंय. जाणार नाहीत."

मुलगी पलंगावर वाकली. "आई, बघ ना माझ्याकडं. दवाखान्यात जायचं ना आपण? बरं वाटेल तुला."

बाईंनी डोळे उघडले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. नजर खोलीभर फिरली, एवढी माणसं बघून कपाळाला आठी पडली, आणि त्या सुनेकडे बघून म्हणाल्या, "चहा टाक सगळ्यांना."

मला रडावं की डोकं आपटावं कळेना. सून जागची हलली नाही. ती म्हणाली, "आज चहा नाही. ज्याला हवा त्यानं करून घ्या." आणि ती पलंगाच्या कडेवर बसली, बाईंच्या पायांपाशी, आणि पांघरूण सारखं करायला लागली.

मुलीनं भावाकडे बघितलं. मग मुलगा स्वयंपाकघरात गेला. डबे उघडल्या-झाकल्याचे आवाज आले. बऱ्याच वेळानं तो ट्रे घेऊन आला. चहा काळा पडला होता, साखर इतकी की घशाला चिकटत होती. मुलीनं कप घेतला, एक घोट प्यायली आणि रडायला लागली. म्हणजे तेव्हाच ती आमच्यासमोर पहिल्यांदा रडली, तोवर नुसती चिडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. अँब्युलन्सचं नाव पुन्हा निघालं नाही. मी बाईंच्या जिभेखाली औषध दिलं, कूस बदलून दिली, घरघर कमी झाली. मुलीला आईचे ओठ ओल्या कापसानं कसे पुसायचे ते दाखवलं. ती संध्याकाळपर्यंत तेच करत बसली.

बाई त्यानंतर फार थांबल्या नाहीत. एका सकाळी मुलगी अंघोळीला गेली होती, मुलगा खाली दूध आणायला. सून एकटीच चादर बदलत होती. एका कुशीवर वळवलं, चादर सरकवली, दुसऱ्या कुशीवर वळवलं, आणि तेवढ्यात श्वास थांबला. तिनं मला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "मॅडम, माझ्याकडून काही चुकलं का? मी त्यांना हलवलं." मी तिला परत परत सांगितलं की नाही, तसं नसतं. तिला पटलं असेल असं मला वाटत नाही.

मी गेले तेव्हा घर भरलं होतं. मुलीभोवती बायकांचं कडं. मुलाच्या खांद्यावर सारखा कुणाचा ना कुणाचा हात. दिंडोरीकडून तीन गाड्या भरून माणसं आली होती, मोठी मोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी रडत होती. सून स्वयंपाकघरात भंतेजींसाठी पाणी, येणाऱ्यांसाठी पाणी, पेले कमी पडतात म्हणून शेजारून पेले. एक वयस्कर बाई तिच्यापाशी आल्या, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "फार केलंस गं. सुटलीस आता."

त्या दिवसात हे वाक्य मी पाच-सहा जणींकडून ऐकलं. प्रत्येकीनं ते मायेनं म्हटलं. ऐकताना सुनेचा चेहरा कसा होतो तो एकीनंही बघितला नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भाषणं झाली. विद्यार्थी बोलले, कॉलनीतले बोलले, शाळेतल्या जुन्या सहकारी बोलल्या, मुलगी बोलली. बाई किती शिस्तीच्या, किती मायाळू. एक जण म्हणाला की सुनेनं आपलं कर्तव्य चोख बजावलं. सून तेव्हा मागे जेवणाच्या ताटांचं बघत होती.

मी ठरल्याप्रमाणे काही आठवड्यांनी भेटीला गेले. दाराबाहेर एकही चप्पल नव्हती. मुलानं दार उघडलं, "आम्ही ठीक आहोत मॅडम," असं उभ्याउभ्या सांगितलं आणि गाडीची किल्ली घेऊन कामाला निघून गेला. सून आत खोलीत होती. पलंग काढून टाकला होता, त्या जागी फरशीवर चार चौकोनी डाग.

मी विचारलं, "झोप लागते?"

"नाही. आई हाक मारतायत असं वाटून उठते. मॅडम, सगळे म्हणतात सुटलीस. मी कुठं बांधलेली होते? मला काही सुटल्यासारखं वाटत नाही. मला सकाळी उठून काय करायचं ते कळत नाही."

"हे तुम्ही घरात कुणाला बोललात?"

"कुणाला बोलणार? हे म्हणतात, आई माझी गेली, तू काय रडतेस. तसं नाही म्हणत, पण म्हणजे तसंच. ताई फोन करतात, त्या रडतात, मी त्यांना समजावते." तिनं नाक पुसलं. "आणि मला रागच येतो आईंचा. एकदा म्हणायचं होतं ना त्यांनी. चांगलं केलंस, एवढे दोन शब्द. म्हटलं नाही."

अशा वेळी मी समजूत घालणारं काहीतरी बोलावं अशी अपेक्षा असते. 'त्यांच्या मनात होतं' वगैरे. मला माहीत नव्हतं त्यांच्या मनात काय होतं. मी म्हटलं, "म्हणायला हवं होतं. मलाही त्यांचा राग आलाय." तिनं चमकून माझ्याकडे बघितलं. मग बराच वेळ ती बोलत राहिली. वीस वर्षांची भांडणं काढली, मिठाची, माध्यमाची, अबोल्याची. मी ऐकत राहिले. आमच्या कामात हाच मुख्य भाग असतो आणि तोच कुणाला काम वाटत नाही.

निघताना तिनं विचारलं, "तुम्ही द्वारकेकडं जाता का? ऑफिसात विचारून यायचंय, घेतात का परत."

ती माझ्या मागे स्कूटीवर बसली. उपनगर नाका गेला, पुढे पुलाचं काम चालू म्हणून सगळी वाहतूक एका लेनमध्ये अडकली. ट्रक, डंपर, धूळ, हॉर्न. मला पाठीवर काहीतरी टेकल्यासारखं वाटलं. आधी वाटलं गाडी थांबल्यामुळे ती पुढे आली. मग कळलं, ती रडत होती. डोकं माझ्या पाठीला लावून, मोठ्यानं, अगदी तोंड उघडून. त्या गोंगाटात ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू येणं शक्य नव्हतं. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, गाडी पुढे घ्या म्हणून. मी मुद्दाम हळू घेतली. त्यानं बाजूनं जाताना मला शिवी दिली. देऊ दिली.

ऑफिसच्या खाली तिनं रुमालानं तोंड पुसलं, केस चिमट्यात नीट बसवले आणि वर गेली. तिला पुढच्या महिन्यापासून यायला सांगितलं. पगार आधीपेक्षा कमी देणार होते. मी त्यावर काही बोलणार होते, पण तिनंच हातानं थांबवलं, "राहू दे मॅडम, बघते मी."

माझ्या त्या घरच्या भेटी उन्हाळाभर चालू राहिल्या. मुलीचे फोनही मला यायचे. तिची तक्रार अशी की वहिनी नीट बोलत नाही, कोरडी वागते, तुम्ही तिला समजावा. मी म्हटलं, "मी नाही समजावणार. तुम्ही त्या दिवशी हाडांवरून जे बोललात, ते तुमचं तुम्हीच निस्तरा." फोन पटकन बंद झाला. मला वाटलं, आता ही बाई आमच्या संस्थेकडे माझी तक्रार करणार. ती झालीही असती तर मला तेव्हा फारसं वाटलं नसतं, कारण त्या आठवड्यात मी आणखी दोन घरांत असल्याच माणसांशी झटत होते.

तक्रार आली नाही. जूनमध्ये एका सकाळी सुनेचा फोन आला. ऑफिसात होती, मागे प्रिंटरचा आवाज.

"मॅडम, ताई आल्यात."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात. रविवार नाही, काही नाही. रजा टाकून आल्यात. आल्या आणि माझ्यासमोर बसून खूप रडल्या. चुकलं म्हणाल्या."

"मग बरं झालं की."

"बरं झालं. मी पण रडले. पण आता जातच नाहीत. सकाळी माझ्या आधी उठतात, स्वयंपाकघरात शिरतात. सगळे डबे नव्या जागी लावलेत. मला काल हळद सापडेना. डब्यात चार चपात्या जास्त देतात, इथं कोण खाणार? आणि आईंच्या साड्या वाटायला काढल्या, त्यातली जी मला हवी तीच त्यांना हवी, त्यावरून परवा दोघी भांडलो." ती दम घ्यायला थांबली. "तुम्ही सांगा ना त्यांना घरी जायला."

मी त्या वेळी पाथर्डी फाट्याजवळ एका घराचा पत्ता शोधत उभी होते. रस्ता बंद, वळण चुकलेलं, आणि ज्या घरी जायचं होतं तिथून तिसऱ्यांदा फोन येत होता. म्हटलं, "मी कुणाला काही सांगणार नाही. तुमची नणंद, तुम्ही बघा."

"असंच म्हणाल वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.